क्रूझ, बेटावरचा मुक्काम आणि सफारी : गोव्यातील प्रवाशांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पणजीत बसून लोकांच्या सहलींची आखणी करून देताना गेल्या काही वर्षांत प्रश्नांचा सूर बदललेला जाणवतो. पूर्वी "इतक्या दिवसांत किती देश होतील?" असे विचारले जाई; आता फोंड्याचे व्यापारी, म्हापशातील डॉक्टर दांपत्य किंवा आखातातील नोकरी संपवून मडगावला परतलेले गृहस्थ "देश एकच चालेल, पण गर्दी नको" असे म्हणतात. त्यांच्या प्रश्नांतून निवडलेले हे काही प्रश्न आहेत. दर, कर आणि परवान्यांचे नियम वरचेवर बदलतात, त्यामुळे येथे दिलेला प्रत्येक आकडा पैसे भरण्याच्या दिवशी पुन्हा एकदा पडताळून घ्यावा.

समुद्र, माड आणि पंचतारांकित हॉटेले आमच्या दारातच आहेत. मग यासाठी बाहेर कशाला जायचे?

प्रश्न अगदी रास्त आहे, आणि केवळ चांगल्या खोलीसाठी जायचे असेल तर जाऊ नये हेच त्याचे प्रामाणिक उत्तर आहे. गादी, न्हाणीघर आणि न्याहारी सगळीकडे सारखीच उत्तम असते. या तीन प्रकारच्या सहलींत पैसा मोजावा लागतो तो दोन गोष्टींसाठी : बाकीचे लोक तिथे नसावेत यासाठी, आणि तिथे पोचण्यासाठी. मालदीवमधील पहिले रिसॉर्ट १९७२ साली कुरुंबा बेटावर सुरू झाले आणि 'एक बेट, एक रिसॉर्ट' हीच पद्धत पुढे तिथे रूढ झाली. म्हणजे किनाऱ्यावर शॅक नाहीत, फेरीवाले नाहीत आणि शेजारच्या हॉटेलचा डीजेही नाही. कळंगुटला डिसेंबर पाहिलेल्या माणसाला याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

म्हणून माहितीपत्रक हाती आले की खोलीचे छायाचित्र नंतर पाहावे. आधी एकूण पाहुणे किती असतील ते शोधावे, आणि विमानतळ किंवा बंदरापासून तिथवर कसे, किती वेळात व किती पैशांत पोचायचे ते वाचावे. बहुतेक तक्रारींचे मूळ या दुसऱ्या ओळीत सापडते.

गोव्यातून थेट क्रूझवर चढता येते का?

येथे 'क्रूझ' म्हटले की अनेकांना सांता मोनिका जेटीवरून निघणारी मांडवीची तासाभराची फेरी किंवा नदीत नांगरलेले कॅसिनो आठवतात. त्यांचा या प्रश्नाशी संबंध नाही. समुद्रावरची मोठी जहाजे वास्कोच्या मुरगाव बंदरात लागतात आणि त्यांचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे असा असतो. पावसाळ्यात अरबी समुद्र जहाजांना अनुकूल नसतो. ज्या समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यात सहलीची जहाजे तरी कशाला येतील?

मुंबई-पणजी बोटीने प्रवास केलेली पिढी अजून घरोघरी आहे, त्यामुळे हा मार्ग गोव्याला नवा नाही. नवे आहे ते जहाजालाच हॉटेल करणे. २०१८ मध्ये 'आंग्रिया' मुंबई-गोवा मार्गावर आली, २०१९ मध्ये 'कर्णिका' आली आणि २०२० मध्ये तिचा प्रवास संपला. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीचे 'एम्प्रेस' हे जहाज मुंबईहून गोवा, कोची आणि लक्षद्वीपकडे फेऱ्या करू लागले. काही फेऱ्यांना मुरगावहून चढण्याची किंवा येथेच उतरण्याची सोय असते. हे जहाज १९९० साली बांधलेले असून पूर्वी ते एका अमेरिकी कंपनीकडे होते. दोन-तीन रात्रींची पहिली ओळख म्हणून ते ठीक आहे, पण एकांताची अपेक्षा ठेवून त्यावर चढू नये. तो तरंगता लग्नसोहळा असतो, आणि मुलाबाळांसह गेलेल्या कुटुंबांना तोच आवडतो.

मुंबईहून चढायचे असल्यास मुंबई बंदरातील नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन २० सप्टेंबर २०२५ रोजी झाले आहे. मडगावहून वंदे भारतने जायचे ठरवले तरी जहाज सुटण्याच्या दिवशी सकाळी मुंबईत पोचण्याचा हिशेब करू नये. कोकण रेल्वेवर एक दरड आली की सगळा कार्यक्रम कोलमडतो. आदल्या रात्रीचा मुक्काम हा खर्चाचाच भाग समजावा.

मोठे जहाज निवडावे की लहान?

जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून पहिल्या सफरीला निघालेले 'आयकॉन ऑफ द सीज' साडेसात हजारांहून अधिक प्रवासी नेऊ शकते, म्हणजे गोव्यातील एखादे बऱ्यापैकी गावच पाण्यावर. तिथे खाण्यापिण्याची, खेळांची, पाण्यातील घसरगुंड्यांची चंगळ असते, मात्र बंदरावर उतरताना आणि चढताना रांगही तेवढीच मोठी असते.

दुसऱ्या टोकाला हॉटेल कंपन्यांनी काढलेल्या यॉट आहेत. रिट्झ-कार्लटनची 'एव्रिमा' ऑक्टोबर २०२२ मध्ये निघाली. तिच्यात १४९ स्वीट आणि जास्तीत जास्त २९८ पाहुणे असतात. पुढे २०२४ मध्ये 'इल्मा' आणि २०२५ मध्ये 'ल्युमिनारा' आली. एमएससी समूहाच्या एक्स्प्लोरा या नव्या शाखेचे पहिले जहाज २०२३ मध्ये सुरू झाले. लहान जहाजाचा खरा फायदा असा की मोठ्या जहाजांना जिथे शिरताच येत नाही, अशा छोट्या बंदरांत ते शिरते, आणि प्रवासी दहा मिनिटांत गावात असतो. माझे मत विचाराल तर आठवडाभराच्या मोठ्या जहाजापेक्षा चार रात्रींचे लहान जहाज घ्यावे. पण बरोबर दहा-बारा वर्षांची मुले असतील तर हे मत बाजूला ठेवावे, ती तिथे कंटाळतात.

नदीवरचा प्रवास हवा असल्यास 'गंगा विलास' आहे. १३ जानेवारी २०२३ रोजी ती वाराणसीहून दिब्रुगडकडे पहिल्यांदा निघाली. १८ स्वीट, ३६ प्रवासी, सुमारे ३,२०० किलोमीटर आणि ५१ दिवस असा तो प्रवास होता. एवढी रजा निवृत्तांनाच परवडते.

केबिन कोणती घ्यावी? समुद्र लागतो का?

लागणाऱ्याला लागतोच. जहाजाच्या लांबीच्या मध्यावरची आणि खालच्या मजल्यावरची केबिन कमी हलते. वरच्या मजल्यावरची, टोकाची आणि महाग केबिन जास्त हलते. अनुभवी प्रवासी बाल्कनीचा मोह आवरतात तो यामुळेच.

जहाजाची खरी माहिती कोणाला विचारावी?

येथे गोव्याला एक सोय आहे जी पुण्या-मुंबईकडे नाही. आपल्याकडे वाड्यावाड्यांवर तारवटी आहेत. सासष्टीत तर असे गाव सापडणे कठीण, जिथला कोणी ना कोणी परदेशी जहाजावर स्टुअर्ड, आचारी किंवा इंजिन खात्यात नाही. सुट्टीवर आलेल्या अशा शेजाऱ्याला तीन गोष्टी विचाराव्यात : जहाज शेवटचे ड्राय डॉकला, म्हणजे दुरुस्तीच्या कोरड्या गोदीत, कधी गेले होते, कोणत्या बंदरात ते धक्क्याला लागते आणि कोणत्या बंदरात बाहेर नांगर टाकून होडीने उतरवते, आणि भारतीय प्रवाशांसाठी वेगळे स्वयंपाकघर खरोखर आहे की केवळ सांगायला. माझ्या एका शेजाऱ्याने मला एकदा शांतपणे सांगितले होते, "त्या बोटीवर जा, पण सातव्या मजल्यावर मागची केबिन घेऊ नको, खाली डिस्को आहे." इतके उपयोगी वाक्य मी कुठल्याच माहितीपत्रकात वाचलेले नाही.

जाता जाता हेही सांगावेसे वाटते की बहुतेक परदेशी जहाजांवर 'ग्रॅच्युइटी' म्हणून दर माणशी दर दिवशी ठरावीक रक्कम बिलात आपोआप लागते. ती तिकिटात धरलेली आहे की वेगळी, हे आधी विचारावे. पण ती कमी करून मागू नये. ती ज्यांच्या खिशात जाते त्यांतले काही आपलेच असतात.

मालदीवच्या रिसॉर्टचा जो दर दिसतो, तेवढाच खर्च येतो का?

येत नाही. दरापुढे 'प्लस प्लस' असे लिहिलेले असल्यास त्यावर १० टक्के सेवाशुल्क आणि मग त्या बेरजेवर पर्यटन वस्तू व सेवा कर लागतो. हा कर १ जुलै २०२५ पासून १७ टक्के झाला आहे. म्हणजे १०० डॉलरची खोली जवळजवळ १२९ डॉलरला पडते. त्याशिवाय १ जानेवारी २०२५ पासून रिसॉर्टमध्ये दर माणशी दर दिवशी १२ डॉलर हरित कर आहे. दोघांच्या चार रात्रींना तो ९६ डॉलर होतो. हे सगळे सोसता येते. खरा धक्का बसतो तो बेटावर नेण्या-आणण्याच्या भाड्याचा, कारण दूरच्या बेटावर सीप्लेनने, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने, जावे लागते आणि ते भाडे दोघांचे मिळून अनेकदा एका रात्रीच्या खोलीइतके भरते. माले विमानतळापासून स्पीडबोटीच्या अंतरावरचे बेट निवडले तर हा खर्च बराच कमी होतो, मात्र तिथे विमानांचा आवाज आणि शेजारची बेटे दोन्ही असतात. शांततेची किंमत अंतरात मोजतात ती अशी.

सीप्लेनबद्दल काही विशेष माहीत असावे का?

एकच गोष्ट, पण ती विसरू नये : सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडते. मालेला साधारण दुपारी साडेतीननंतर उतरणाऱ्या प्रवाशाला त्या दिवशी ते मिळेलच असे नाही.

हे मी स्वतः पैसे मोजून शिकलो. मुंबईहून स्वस्तातले विमान घेतले, सव्वाचारला उतरलो, आणि ज्यांनी तिकिटे काढून दिली होती त्यांनी ही बाब सांगितलीच नव्हती. रात्र हुलहुमालेच्या साध्या हॉटेलात काढली आणि बेटावरच्या पहिल्या रात्रीचे पैसे पाण्यात गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ते सगळे विसरायला झाले. अर्ध्या चड्डीतला वैमानिक अनवाणी पायांनी विमान चालवत होता; पंख्यांच्या आवाजात बोलणे अशक्य होते म्हणून कानात कापसाचे बोळे होते; आणि उतरल्यावर एका पोराने तराफ्यावर उडी मारून दोराचा फास खुंटाला असा अडकवला की रायबंदर-चोडण फेरीवरचा खलाशीच डोळ्यांसमोर आला. मनगटाची तीच झटक, तोच बेफिकीर चेहरा.

सामानाची मर्यादा साधारणपणे २० किलो आणि हातातले ५ किलो असते. जास्त भरल्यास किलोमागे पैसे पडतात.

मालदीवला काय नेऊ नये?

गोवेकरांसाठी हा प्रश्न बाकीच्यांपेक्षा महत्त्वाचा आहे. भेट म्हणून फेणीची बाटली नेऊ नये, कारण मद्य देशात आणण्यास बंदी आहे. रिसॉर्टमध्ये ते विकत मिळते ती गोष्ट वेगळी. चोरिस किंवा डुकराच्या मांसाचा कोणताही पदार्थ चालत नाही. ई-सिगारेटवर नोव्हेंबर २०२४ पासून आयातबंदी आहे. आणि ज्यांच्या सामानात नेहमी छोटी गणपतीची मूर्ती असते त्यांनी ती घरीच ठेवावी, कारण पूजेच्या मूर्तींवरही तेथील सीमाशुल्क खात्याची बंदी आहे.

भारतीय नागरिकांना उतरल्यावर प्रवेश विनाशुल्क मिळतो. मात्र प्रवासाआधीच्या ९६ तासांत 'इमुगा' संकेतस्थळावर प्रवासी घोषणापत्र भरावे लागते.

लक्षद्वीप मालदीवची जागा घेऊ शकेल का?

सरोवराचा निळा रंग तोच आहे, सोयी अजून त्या दर्जाच्या नाहीत. बेटे ३६, त्यांतील वस्तीची १०, आणि सगळी जमीन मिळून जेमतेम ३२ चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या एखाद्या तालुक्याहूनही पुष्कळ कमी. तिथे पाहुण्यांची संख्या मर्यादितच राहणार आणि ती राहावीही. मोपास्थित फ्लाय ९१ ने २०२४ मध्ये गोव्याहून अगत्तीला विमान सुरू केले, त्यामुळे कोचीला वळसा न घालता जाण्याची वाट उघडली. अगत्तीची धावपट्टी आखूड असल्याने एटीआरसारखी लहान विमानेच तिथे उतरतात. जागा मोजक्या, वेळापत्रक हंगामानुसार बदलणारे. म्हणून आधी विमानाची जागा पक्की करावी आणि मग मुक्कामाची.

बाहेरच्या प्रत्येकाला, मग तो भारतीय असला तरी, प्रवेश परवाना लागतो. बंगारम सोडून सर्वत्र दारूबंदी आहे. प्रवाळाचा तुकडा उचलणे हा गुन्हा आहे, किनाऱ्यावर पडलेला असला तरी. ताज समूहाने जानेवारी २०२३ मध्ये सुहेली आणि कदमत येथे प्रत्येकी ११० खोल्यांची दोन रिसॉर्ट जाहीर केली; त्यांचे आरक्षण अधिकृतपणे उघडलेले स्वतः पाहिल्याशिवाय कोणालाही 'आगाऊ बुकिंग'चे पैसे देऊ नयेत.

आणि अंदमान?

स्वराज द्वीप, म्हणजे २०१८ पर्यंतचे हॅवलॉक, येथे उत्तम दर्जाचे मुक्काम आहेत, परवान्याची कटकट भारतीयांना नाही आणि खर्च मालदीवच्या मानाने खूप कमी. पोर्ट ब्लेअर, ज्याचे नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झाले, तिथून पुढे बोटीने जावे लागते. सीप्लेनच्या भाड्याने ज्यांचे डोळे पांढरे झाले असतील त्यांनी इकडे वळावे.

आफ्रिकेतील सफारी कधी करावी? चतुर्थीच्या आड येते का?

येते, आणि हीच मोठी अडचण आहे. टांझानियाच्या सेरेनगेटीतून केनियाच्या मासाई मारात शिरणारे वाइल्डबीस्टचे कळप मारा नदी ओलांडतात तो काळ साधारण जुलै ते ऑक्टोबर. त्यात चवथीचे दिवस नेमके मधोमध पडतात, आणि चवथीला गोव्याबाहेर राहणारा माणूस वर्षभर नातेवाइकांची बोलणी खातो. म्हणून जुलैअखेर जाऊन श्रावणाच्या सुरुवातीला परतणे, किंवा चवथ उरकून सप्टेंबरअखेर निघणे हे व्यवहार्य असते. नदी ओलांडण्याचा क्षण मात्र कोणी हमी देऊन दाखवू शकत नाही. कळप काठावर येतो, तासभर उभा राहतो आणि काही कारण नसताना माघारी फिरतो.

ज्यांना हे नाट्य अत्यावश्यक वाटत नाही त्यांनी फेब्रुवारीत टांझानियातील एनदुतूच्या गवताळ पठारावर जावे. तिथे त्याच कळपांची वीण होते, हजारो पाडसे जन्मतात, आणि त्यांच्या मागे चित्ते व सिंह येतात. गर्दी कमी, आणि शाळेच्या वेळापत्रकाची अडचण नसलेल्यांना हा काळ अधिक सोयीचा. बोत्सवानाचे ओकावांगो हे खोरे आणखी वेगळे आहे : अंगोलाच्या डोंगरांत पडलेला पाऊस महिनोन्‌महिने वाहत येऊन साधारण जून ते ऑगस्टमध्ये, म्हणजे तिथल्या कोरड्या हंगामात, पूर आणतो, आणि अरुंद मोकोरो होडीतून पाणवनस्पतींमधून हिंडता येते. २०१४ मध्ये ते युनेस्कोच्या यादीतील हजारावे जागतिक वारसास्थळ ठरले. तिन्हींत सर्वांत महागही तेच.

मासाई मारात राखीव क्षेत्राच्या आत राहावे की बाहेरच्या कॉन्झर्व्हन्सीत?

मारा राखीव क्षेत्राचे परदेशी पाहुण्यांसाठीचे प्रवेशशुल्क २०२४ पासून जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर आहे. दोघांच्या तीन दिवसांचे हंगामात १,२०० डॉलर होतात. हे छावणीच्या दरात धरलेले असते की नाही, हा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न जागेचा. राखीव क्षेत्रात हंगामात एका चित्त्याभोवती वीस-पंचवीस गाड्यांचा वेढा पडलेला मी पाहिला आहे. चित्ता वाळवीच्या वारुळावर बसला होता आणि हरणांकडे पाहण्यासाठी त्याला दोन गाड्यांच्या मधल्या फटीतून मान वाकवावी लागत होती. शेवटी तो उठून एका जीपच्या सावलीत जाऊन झोपला. नाबोइशो, मारा नॉर्थ, ओलारे मोटोरोगी यांसारख्या कॉन्झर्व्हन्सी म्हणजे मासाई कुटुंबांची स्वतःची जमीन, जी छावण्यांनी भाड्याने घेतलेली असते. तिथे एका प्राण्याजवळ किती गाड्या थांबाव्यात याला मर्यादा असते, रात्रीची फेरी आणि पायी भटकंती करता येते, आणि जमिनीचे भाडे मालकांना मिळते. राखीव क्षेत्रात रात्रीच्या फेरीला आणि पायी भटकंतीला मुभा नसते. माझा सल्ला असा की बहुतेक रात्री कॉन्झर्व्हन्सीत काढाव्यात आणि एक दिवस नदीसाठी आत जावे.

मोठ्या हॉटेल कंपन्याही आता इथे आल्या आहेत : जेडब्ल्यू मॅरियट २०२३ मध्ये, रिट्झ-कार्लटनची २० तंबूंची छावणी ऑगस्ट २०२५ मध्ये. तंबूला स्वतंत्र तरणतलाव असतो. सिंह पाहायला गेलेल्या माणसाने त्यात किती वेळ घालवावा, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

सामान कसे भरावे?

नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून माराकडे जाणारी विमाने लहान असतात. दर माणशी साधारण १५ किलो, आणि तेही मऊ पिशवीत. चाकांची कडक बॅग विमानाच्या पोटात बसत नाही, मग ती नैरोबीतच ठेवून जावे लागते. केनियात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर ऑगस्ट २०१७ पासून बंदी आहे आणि दंड जबर आहे. चिवडा, चकल्या, खाजे यांच्या पिशव्या बांधून देणाऱ्या आईला हे आधीच समजावून सांगावे आणि स्टीलचा डबा काढावा.

पीतज्वराची लस गोव्यात मिळते का?

मिळते. मुरगाव बंदराच्या केंद्रीय आरोग्य कार्यालयात ती अधिकृतपणे दिली जाते. दिवस ठरलेले असतात, म्हणून आधी चौकशी करून जावे. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि पिवळे प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालते. केनिया किंवा युगांडाहून प्रमाणपत्राशिवाय परतणाऱ्याला भारतात सहा दिवस विलगीकरणात ठेवता येते. साठीच्या पुढच्यांनी आणि गर्भवतींनी लस घेण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. केनियासाठी व्हिसाऐवजी जानेवारी २०२४ पासून ईटीए हा ऑनलाइन प्रवासपरवाना काढावा लागतो.

गोरिला पाहण्याचा परवाना एवढा महाग का?

कारण एका कुटुंबाजवळ दिवसाला आठच माणसे, तीही एकच तास, असा नियम आहे. रवांडात परवाना १,५०० डॉलर, युगांडात ८०० डॉलर. पंधरा वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही. चढ-उताराची वाट तासाची असेल की सहा तासांची, हे गोरिलाच ठरवतात.

आफ्रिकेऐवजी भारतातच सफारी केली तर?

वाघ हवा असेल तर आफ्रिकेत जाऊन उपयोगच नाही. ताडोबात भाषेची अडचण नाही, वाटाडे मराठीत बोलतात, आणि अवघड शब्दांत न अडकता 'कॉल आला' म्हटले की वाघाची चाहूल देणारे सांबराचे ओरडणे समजते. प्रकल्प मंगळवारी बंद असतो आणि गाभा क्षेत्र पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर बंद राहते. मध्य प्रदेशात ताज समूहाचे चार वनमुक्काम आहेत, बांधवगड, कान्हा, पेंच आणि पन्ना येथे. गोव्याहून सर्वांत सोयीचे मात्र कर्नाटकातील कबिनी : एप्रिल-मेमध्ये जलाशयाचे पाणी ओसरते आणि हत्तींचे कळप काठाच्या हिरवळीवर उतरतात, ते होडीतून पाहता येतात.

खोलीवर कितीही खर्च केला तरी भारतात जंगलातील गाडी आणि फेरीच्या वेळा वनखात्याच्या नियमांनीच चालतात. म्हणून आधी सफारीचे परवाने, नंतर खोली.

घरात एकाकडे भारतीय आणि एकाकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे. अडचण येईल का?

हा प्रश्न गोव्याबाहेर कोणी विचारत नाही. ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) असले तरी धारक परदेशी नागरिकच मानला जातो. त्यामुळे लक्षद्वीपमध्ये त्याला अगत्ती, बंगारम आणि कदमत एवढ्याच बेटांचा परवाना मिळू शकतो, आणि देशांतर्गत क्रूझवरही मूळ पासपोर्ट आणि ओसीआय दोन्ही जवळ ठेवावे लागतात. अर्ज एकत्र असला तरी कागदपत्रांची यादी दोघांची वेगळी करावी. आरक्षण करताना हे लपवू नये. शेवटी ते बंदरावर उघड होते.

परदेशी सहलीवर टीसीएस किती लागतो?

टीसीएस म्हणजे पॅकेजचे पैसे घेतानाच विक्रेता कापून घेतो तो आगाऊ कर. २०२५-२६ या आर्थिक वर्षात परदेशी पॅकेजवर वर्षाला १० लाख रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढील रकमेवर २० टक्के अशी वसुली होती. अर्थसंकल्पात हे दर बदलतात, म्हणून चालू वर्षाचा दर आपल्या सीएंना विचारावा. ही रक्कम बुडत नाही. विवरणपत्र भरताना ती देय करातून वजा होते किंवा परत मिळते. पण तोवर ती अडकून पडते, आणि चौघांच्या केनिया सहलीत हा आकडा लहान नसतो. बिल कोणाच्या पॅनवर निघते ते पाहावे.

वृद्ध आई-वडिलांना कोणता प्रकार झेपेल?

क्रूझ सर्वांत सोपी, कारण बॅग एकदाच उघडावी लागते आणि जहाजावर डॉक्टर असतो. मालदीवमध्ये सीप्लेनची उंच पायरी आणि हलता तराफा गुडघेदुखीच्या माणसाला त्रास देतात; स्पीडबोटीचे बेट बरे. सफारीत अडचण प्राण्यांची नसून रस्त्यांची असते, चार-चार तास गाडी हादरत राहते, म्हणून पाठीचे दुखणे असणाऱ्यांनी नैरोबीहून गाडीने न जाता विमानानेच जावे.

तिन्ही बाबतींत विम्यात 'मेडिकल इव्हॅक्युएशन' आहे ना, हे कलम वाचून पाहावे. भर समुद्रातून किंवा रानातून रुग्णाला हलवण्याचा खर्च उपचाराहून अधिक असतो. पूर्व आफ्रिकेत विल्सन विमानतळावरून चालणारी आम्रेफ फ्लाइंग डॉक्टर्स ही सेवा १९५७ पासून आहे. बऱ्याच छावण्या तिचे अल्पकालीन सदस्यत्व दरातच देतात, पण विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

श्रावण पाळणाऱ्यांची जेवणाची सोय होते का?

केनियात उत्तम होते. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या गुजराती कुटुंबांमुळे डाळ, चपाती आणि भाजी छावणीच्या आचाऱ्यालाही परकी नाही, आणि नैरोबी-मोंबासात नोकरी केलेले गोवेकर तर आपल्या ओळखीतही निघतात. कांदा-लसूण वर्ज्य असल्यास तसे लेखी कळवावे. मालदीवमध्ये शाकाहारी जेवण मिळते पण तोचतोचपणा येतो. ताज्या भाज्या बहुतांशी बाहेरून येतात.

किती महिने आधी आरक्षण करावे?

हंगामातील मारा आणि गोरिला परवाने यांसाठी नऊ ते बारा महिने. नाताळ-नववर्षातील मालदीव त्याहून आधी भरते, आणि तेव्हाचे दर पाहून बहुतेकजण जानेवारीच्या मध्यावर सरकतात, जे शहाणपणाचे आहे. मुंबईहून निघणाऱ्या छोट्या क्रूझ दोन महिने आधीही मिळतात. ताडोबासाठी सफारीची नोंदणी उघडण्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी, कारण शनिवार-रविवारच्या फेऱ्या पाहता पाहता संपतात.